भुकेल्या गवतावरची पंगत

शेखरचा फोन आला तेव्हा मी बेंगळूरात, के. आर. पुरमच्या आमच्या फ्लॅटमध्ये उपम्यासाठी रवा भाजत होते. "आत्या, अम्मा गेली," एवढंच तो म्हणाला. मग जरा थांबून, "सकाळी कॉफी घेतली. म्हणाली, आज साखर बरोबर पडलीय. आणि मग... झालंच." मी गॅस बंद केला. खालच्या रस्त्यावर नेहमीसारखे हॉर्न वाजत होते, स्टेशनाकडे जाणारी माणसं नेहमीसारखी धावत होती. नोरावहिनी गेली. माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची, बायको. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा दगडाळ खेड्यातली मुलगी चामराजपेटेतल्या आमच्या घरात सून म्हणून आली आणि नव्वदीला टेकेपर्यंत इथलीच होऊन राहिली. त्या दिवशी मी खूप रडले. पण आता काही आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर डोळ्यांपुढे येतात ते तिचे जिंकलेले दिवस. तिचे आणि माझ्या आईचे. त्या दोघींनी मिळून जे जिंकलं, ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून मीच सांगायला हवं.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथंच रुजलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ जिभेवर. आप्पा संस्थानच्या कचेरीतून निवृत्त झालेले, मऊ स्वभावाचे. घर चालायचं ते आईच्या सोवळ्यानं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अण्णा डॉक्टरीच्या पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला गेला आणि परत येताना तिथल्या हॉस्पिटलातली नर्स लग्न करून घेऊन आला. तांबूस केसांची, नाकावर ठिपकेच ठिपके असलेली, उंचनिंच. आप्पांनी तिला आशीर्वाद दिला. आई देवघरात जाऊन बसली ती दिवेलागणीलाच बाहेर आली, आणि बाहेर आल्यावर तिनं नोरावहिनीसाठी वेगळं ताट, वेगळा लोटा काढला. स्वैपाकघराचा उंबरा तिनं ओलांडायचा नाही, जेवण बाहेर जगलीवर. जगली म्हणजे आमच्याकडची दारापुढची ओटी. आई तिच्याशी बोलायची नाही. निरोप माझ्यामार्फत. "सुमे, तिला सांग, नळाला पाणी आलंय." तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली नोरावहिनी मोठ्यानं म्हणायची, "आई, मी ऐकली!"

मराठी तिला मीच शिकवली, म्हणजे ती माझ्याकडून उचलत गेली. मी आईला "अगं आई, तू" म्हणायचे, म्हणून तीही सासूला थेट "आई, तू जेवली?" असं विचारायची. शेजारच्या काकूंनी ते ऐकलं आणि साऱ्या गल्लीला सांगितलं. अण्णा कपाळाला हात लावायचा. वहिनीला तू-तुम्हीतला फरक समजावून सांगितला तर म्हणाली, "माझी आईला मी तू म्हणते. ही पण आई." लिंग-वचनाशी तिचं कधीच जमलं नाही, शेवटपर्यंत. पण गोष्ट सांगायला लागली की त्या मोडक्या मराठीतूनही सगळं दिसायचं.

गोष्टी सुरू झाल्या त्या उन्हाळ्यात. माझ्या मोठ्या बहिणीची, अक्काची, तीन पोरं धारवाडहून सुट्टीला आली होती. संध्याकाळी जगलीवर ती वहिनीला वेढून बसायची. गोष्टी सगळ्या तिच्या गावाकडच्या पडक्या वास्तूंच्या. तिकडे म्हणे शेताशेतात काही ना काही पडकं उभं असतं, आणि प्रत्येकाची काही ना काही आख्यायिका असते. एका बुरुजाखाली सोनं पुरलेलं, त्यावर काळं मांजर बसलेलं. शेतकरी खणायला गेले की त्यांना आपलं घर पेटलेलं दिसायचं, धावत घरी यावं तर चूल शांत, आणि परत जावं तर खड्डा बुजलेला. एका मोडक्या मठातली विहीर, तिच्यात कुणी बाईनं मळके कपडे धुतले म्हणून रागावून ती विहीर उठून दुसऱ्या गावाला गेली... "विहीर चालली?" पोरं ओरडायची. "चालली! पाणी घेऊन चालली!" एका शेतात मातीचा गोल जुना कोट, त्यावर एकटं काटेरी झाड. नांगर धरणारा माणूस आजही त्या गोलाला वळसा घालून जातो, कारण आतल्या लोकांच्या घराचं ते छप्पर आहे. "आतले लोक कोण?" "लहान लोक. त्यांचं नाव घ्यायचं नाही. राग येते."

मी मात्र एक गोष्ट टिपली होती. आत आई इडलीचं वाटण रगड्यावर वाटायची. दगडावर दगड फिरल्याचा तो घरघराट जगलीपर्यंत ऐकू यायचा. गोष्ट ऐन रंगात आली की तो थांबायचा. शेतकरी परत गेला, खड्डा बुजला, की पुन्हा सुरू व्हायचा.

एका संध्याकाळी धाकट्या पोरानं विचारलं, "मामी, तुझ्या घराच्या मागं पण पडकं होतं?" वहिनी नेहमीसारखी हसली नाही. "आमच्या घराच्या मागं टेकडी. टेकडीवर घरं. भिंत आहे, छप्पर नाही, माणूस नाही." "का?" "बटाटा मेला," ती म्हणाली. पोरं खो खो हसली. "बटाटा मेला. मग माणूस मेला. तिकडे दुसरं खायला नव्हतं. घरात मेला, रस्त्यात मेला. जिथं भुकेनं पडला तिथं मग गवत आलं. ते भुकेलं गवत. दिसते साधं. पण त्याच्यावर पाय पडली की पोटात आग होते, पाय गळते, माणूस बसते आणि उठत नाही. एकच उपाय. खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. एक घास खाल्ला की ते सोडते. माझी आजी तुकडा घेतल्याशिवाय टेकडीवर जायची नाही."

रगडा थांबला होता. या खेपेस तो पुन्हा सुरू झाला नाही. आई वाटणानं माखलेले हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. "सुमे, हिला हाळूराचं कोण सांगितलं?"

"कुठलं हाळूर, आई?"

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती नोरावहिनीकडे बघत होती, आणि घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याशी बोलली. "तुला कोण सांगितलं गं?"

"माझी आजी."

"तुझी आजी कुठली?"

"माझ्या गावाची. समुद्राच्या तिकडची, आई."

आई उंबऱ्यावरच बसली. होसकोटेच्या पुढं आमच्या आईच्या माहेरचा एक आंब्याचा तोप आहे, म्हणजे आमराई. तिच्यापलीकडे झाडोऱ्यात काही पडक्या भिंती होत्या. तिकडे जायचं नाही, साप आहेत, एवढंच आम्हा मुलांना सांगितलेलं. आई त्या संध्याकाळी जे बोलली ते आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. ते हाळूर, म्हणजे उजाड झालेलं गाव, तिच्या आजीचं गाव होतं. धातू संवत्सराच्या, म्हणजे १८७६-७७च्या, मोठ्या दुष्काळात ते गाव संपलं. आजी, व्यंकू तिचं नाव, तेव्हा पोर होती. घरातली सगळी वाटेत गेली, ती एकटी बेंगळूरला पोचली. त्यानंतर त्या गावात कुणी चूल पेटवली नाही. "लोक सांगतात, आत पाय टाकला की माणसाला चक्कर येते, पोट जळायला लागतं. तिथं भूक बसलीय म्हणतात. राखणदारसुद्धा आत जात नाही." आई वहिनीकडे बघत म्हणाली, "तुमच्याकडं पण असंच?"

"असंच," वहिनी म्हणाली. "आणि तुझी आजी? ती कशी जगली, आई?"

"जगली," आई म्हणाली आणि हात धुवायला उठली.

तेवढ्यात वहिनीनं तिला थांबवलं. म्हणजे अंगाला हात लावला नाही, नुसतं म्हणाली, "आई, शेवटचं घर राहिलं." आई पाठमोरी उभी राहिली. वहिनी सांगू लागली. टेकडीवरच्या ओळीतलं शेवटचं घर सूप प्यायलेल्यांचं. दुष्काळात परक्या धर्माचे लोक सूप वाटायचे, आणि त्यासाठी आपला धर्म सोडावा लागायचा. बहुतेकांनी नाही म्हटलं आणि ते मेले. त्या घरातल्या बाईनं पोरांना घेऊन सूप प्यायलं. शंभर वर्षं झाली, आता त्या घराची एकच भिंत उरली आहे, तरी जाणारा-येणारा अजून तिच्यावर थुंकतो. "माझी आजी थुंकायची नाही. खिशातला तुकडा तिथं ठेवायची. म्हणायची, पोरं जगली. बास."

आई आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनीचं ताट जगलीवर नेऊ लागले, तर आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वैपाकघरात, स्वतःच्या पाटाशेजारी मांडलं. "तिला सांग..." असं म्हणाली, मग थांबली, आणि स्वतःच हाक मारली. "नोरा, जेवायला ये."

आईनं हे का केलं, ते आम्हाला उमगलं माझ्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा. स्थळ बसवनगुडीचं, आमच्यासारखंच जुनं मराठी घर. रघुनाथ बी.एस्सी., कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. त्याला मी आवडले होते, मलाही तो आवडला होता, हे दोन्हीकडे सगळ्यांना ठाऊक होतं. बैठक छान चालली होती, देण्याघेण्याचंही सरी, म्हणजे ठीक, म्हणून झालं. मग त्याचे काका घसा खाकरून म्हणाले, "एक स्वल्प विषय राहिला. तुमच्या त्या सूनबाई... मांडवात बसू देत, फोटोत उभ्या राहू देत. पण स्वैपाकघरात आणि पंगतीत वाढायला नकोत. आमच्याकडची माणसं पानावर बसणार नाहीत."

नोरावहिनी तेव्हा कॉफीचे पेले घेऊन दारातच उभी होती. तोवर तिला एवढी मराठी नक्कीच कळत होती. आप्पा चष्मा पुसायला लागले. अण्णा उठून उभा राहिला, त्याचे कान लाल झाले होते. तो आता काहीतरी बोलणार आणि सगळं मोडणार, असं मला वाटलं. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. रघुनाथकडे बघायचं धैर्य होईना.

"बस रे," आई अण्णाला म्हणाली. मग काकांकडे वळली. पाहुण्यांच्या बैठकीत ती कधी बोलत नसे. "भावजी, मी एक सांगते, ते ऐकून घ्या. हे मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही." तिनं आप्पांकडे मान केली. "माझी आजी धातूच्या दुष्काळात पोरकी होऊन या गावात आली. रस्त्यावर पडली होती. एका मडमेनं तिला उचललं आणि आपल्या हातची रागीची गंजी, पेजच म्हणा, पाजली. एकदा नव्हे, पाऊस येईपर्यंत. पुढं आमच्यातल्याच एका घरानं तिला ठेवून घेतलं, तेव्हा तिला सांगितलं, हे मरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. ती नाही बोलली. माझी आई नाही बोलली. त्या गंजीवर माझी आजी जगली, तिच्या पोटी माझी आई, आईच्या पोटी मी, माझ्या पोटी ही सुमती. ही तुम्हाला चालतेय ना? मग वाढणारी का चालत नाही?"

आईचा आवाज जराही कापला नव्हता. मी पाहिलं, आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते आईकडे असे बघत राहिले, जणू ही बाई त्यांच्या घरात आजच आली होती.

काकांनी उपरणं झटकलं आणि ते उठून बाहेर गेले. रघुनाथ जागचा हलला नाही. त्याची आई, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "कॉफी निवतेय की. नोरा, आण गं इकडं." आणि पहिला पेला तिनं स्वतः उचलला. दुसरा रघुनाथनं.

लग्नात वहिनी हिरवं इरकल नेसून वाढत होती. नऊवारी सावरता सावरेना, म्हणून आईनंच तिला ते सहावारी नेसवलं होतं. होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, वाढताना ती प्रत्येकाला "अजून घे, अजून घे" म्हणत होती, सत्तरीच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. काकासाहेब पंगतीच्या टोकाला बसलेले मी बोहल्यावरून पाहिले. ते आले होते! दुसरी होळिगे पानात पडल्यावर ते वर न बघता म्हणाले, "स्वल्प तूप." माझ्या मामानं मात्र घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून वर्षभर आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. आई म्हणायची, "येईल, भूक लागल्यावर." आला.

पण त्या दोघींची खरी लढाई पुढंच होती. साठच्या दशकाच्या मध्यात पाऊस लागोपाठ चुकला. शहरात रेशनच्या रांगा, आणि खेड्यांची दशा तर विचारूच नये. तोपाचा राखणदार मुनियप्पा एकदा घरी आला, तेव्हा त्याचा नातू बरोबर होता. वहिनीनं त्या पोराचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि अण्णाला म्हणाली, "औषध नको. जेवण पाहिजे." तिनं ओळखीपाळखीतून रागी म्हणजे नाचणी, हुरळे म्हणजे कुळीथ, असं सगळं गोळा केलं. चर्चमधल्या बायकांनी दिले, आमच्या महिला मंडळानं दिले, काकासाहेबांनी एक पोतं पाठवलं. मुनियप्पाच्या गावात शिजवायचं कुठं, हा प्रश्न आला. वरच्या आळीत शिजवलं तर खालच्या आळीतल्यांना येऊ देणार नाहीत, खालच्या आळीत शिजवलं तर वरचे येणार नाहीत. दोन्ही आळ्या हट्टाला पेटलेल्या, आणि पोरं दोन्हीकडची उपाशी. तेव्हा वहिनी म्हणाली, "जिथं कोणाचं काही नाही, तिथं."

"तिथं म्हणजे?" मुनियप्पानं विचारलं आणि मग त्यालाच कळलं. "अय्यो अम्मा, हाळूरात? बेडा, बेडा!" नको, नको.

आई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "मी येते."

तो दिवस मला आजही लख्ख दिसतो. मुनियप्पाच्या मुलांनी भीत भीत कुंपणाच्या कडेची झुडपं तोडली आणि तिथूनच मागं फिरले. आत आम्हीच. भिंती कमरेएवढ्या उरलेल्या, एक जातं मोडून पडलेलं, गवत पिवळं आणि गुडघाभर. मी शहाणीसुरती, दोन लेकरांची आई, पण गवतात मी वहिनीच्या पावलांवर पाऊल ठेवतच शिरले. वहिनीनं तीन दगड मांडले, आईनं चूल पेटवली. त्या गावात किती वर्षांनी धूर निघाला असेल कोण जाणे. रागीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, वळले, हुरळ्याचं सार उकळलं. वास लांबवर गेला. दोन्ही आळ्यांतली माणसं पोरं कडेवर घेऊन, ताटल्या हातात धरून कुंपणाशी येऊन उभी राहिली. दोन घोळके, मध्ये अंतर राखून. आत कुणी येईना.

आईनं दोन पानं मांडली. घराबाहेर पाणीही न पिणारी माझी आई त्या गवतात मांडी घालून बसली, शेजारी नोरावहिनी. "व्यंकू, तुझी नात आलीय," आई मोठ्यानं म्हणाली, "जेवतेय बघ." आणि तिनं घास घेतला. सगळे टक लावून बघत होते... आता पडेल, मग पडेल. आई सावकाश जेवली. सार पुन्हा वाढून घेतलं. वहिनीनं पान चाटूनपुसून साफ केलं. मग आई उठली, हात धुतले, पदर खोचला आणि कुंपणाकडे तोंड करून तिनं आरोळी ठोकली, "बन्नी! ऊट माडि! या, जेवा!"

पहिली आली ती खालच्या आळीतली एक वाकलेली म्हातारी. तिनं भिंतीला हात लावला, काहीतरी पुटपुटली आणि बसली. मग तिच्यामागं पोरं सुटली, आणि पोरं सुटल्यावर आयांना कोण अडवणार? वरची आळी, खालची आळी, जागा मिळेल तिथं सगळी मिसळून बसली. नोरावहिनी वाढत होती, घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती मध्येच थांबली, त्या सगळ्या जेवणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि एकदम ओरडली, "आई, आपण जिंकली!"

"जिंकलो म्हण," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"जिंकलो!"

पुढचा पाऊस येईपर्यंत ती चूल विझली नाही. मुनियप्पाच्या मुलांनी बुजलेली विहीर उपसली, एक झोपडं उभं राहिलं, मग दुसरं. आई काही वर्षांनी गेली, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून. अण्णा गेला. वहिनी मात्र पाय चालत होते तोवर तिकडे जात राहिली.

तिचं सगळं आटोपल्यावर मी आणि शेखर गाडी काढून होसकोटेच्या पुढं गेलो. लॉऱ्यांच्या रांगांतून वाट काढत जेमतेम पोचलो आणि गाव सापडेना. हाळूर कुठं, म्हणून विचारलं तर पानपट्टीवाल्याला ते नावच ठाऊक नव्हतं, अर्थ सांगितला तर हसला. "उजाड गाव? इथं कुठलं उजाड गाव?" शेवटी विहिरीच्या खुणेवरून मी जागा ओळखली. चारी बाजूंना घरं, छपरावर टीव्हीच्या तबकड्या, मधोमध शाळा. मधली सुट्टी झालेली. पटांगणात ओळीनं ताटल्या मांडून पोरं जेवत होती, आणि ज्यांचं झालं होतं ती गवतात लोळत होती. डेगचीजवळची बाई आम्हाला बघून पुढं आली. "ऊट आयता?" जेवण झालं का, इथं सगळेच विचारतात. शेखर घाईघाईनं आपण कोण, कुणाची माणसं, कशासाठी आलो हे सांगू लागला. तिनं त्याला हातानं थांबवलं. "आधी बसा. जेवा. मग सांगा."

आम्ही पोरांच्या ओळीत खाली बसलो. भात गरम होता, साराला हुरळ्याचा वास होता. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.